पाटी आधी कोणी लावली?

पुण्यात कॅम्पात आणि कोरेगाव पार्कात 'बर्गर किंग' या नावाचं एका इराणी दांपत्याचं उपाहारगृह आहे. ते सुरू झालं १९९२ च्या सुमारास. अमेरिकेतली बर्गर किंग कॉर्पोरेशन १९५४ सालची. पण भारतात तिचा पहिला बर्गर विकला गेला नोव्हेंबर २०१४ मध्ये, दिल्लीत. पुण्यात यायला तिला २०१५ उजाडलं. तोवर पुणेकरांची एक अख्खी पिढी कॉलेज संपवून नोकरीला लागली होती आणि तिच्या लेखी बर्गर किंग एकच होतं. कंपनीने मात्र भारतात दुकान थाटण्याआधी तीन वर्षं, २०११ मध्येच, पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावून ठेवला होता. नाव आमचं आहे, ते वापरणं बंद करा आणि वर २० लाख रुपये भरपाई द्या, अशी मागणी.

निकाल लागला १६ ऑगस्ट २०२४ रोजी. दावा फेटाळला गेला. कंपनी भारतात उपाहारगृहं काढण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव पुण्यात वापरात आहे, आणि गिऱ्हाइकांची फसगत झाल्याचा किंवा कंपनीचं नुकसान झाल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. इराणींनीही झालेल्या त्रासापोटी २० लाख मागितले होते. त्यांनाही काही मिळालं नाही, कारण तोंडी सांगण्यापलीकडे त्यांच्याकडे पुरावा नव्हता. पुणेकरांना साहजिकच आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

या सगळ्या गदारोळात एक तपशील बातम्यांच्या तळाशी राहून गेला. जानेवारी २०१२ पासून दावा फेटाळला जाईपर्यंत इराणींवर तात्पुरता मनाई हुकूम लागू होता. म्हणजे खटला जिंकणाऱ्याने बारा वर्षं हरल्यासारखीच काढली.

नावावरून लहान दुकानदार आणि मोठी कंपनी यांच्यात जे तंटे होतात, त्यांचा आढावा घ्यायचा तर या तपशिलापासून सुरुवात करावी लागते. सर्वसाधारण समज असा की कायदाच बड्यांच्या बाजूचा आहे. ट्रेडमार्कचा भारतीय कायदा आणि त्यावरचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचले तर ते खरं वाटत नाही. कायद्याची पोथी लहान माणसाला बऱ्यापैकी सांभाळून घेते. त्याचा जीव जातो तो तारखांमध्ये, खर्चात आणि कपाटात न सापडणाऱ्या कागदांत.

आधी पोथी पाहू. सध्याचा ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. अमलात आला १५ सप्टेंबर २००३ पासून. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्याआधी भारतात फक्त मालाच्या नावाची नोंदणी व्हायची, सेवेच्या नावाची नाही. बिस्किटाचं नाव नोंदवता यायचं, खानावळीचं नाव खानावळ म्हणून नोंदवता यायचं नाही. 'तेव्हाच रजिस्टर करून टाकायचं होतं' असं इराणींना सांगणारे पुष्कळ भेटतात. १९९२ मध्ये त्यासाठी खिडकीच उघडी नव्हती. कंपनीची भारतातली पहिली नोंदणी १९७९ ची, म्हणजे अर्थातच मालासाठीची. उपाहारगृहाच्या सेवेसाठी तिला नोंदणी मिळाली ती २००६ ची.

या दोन सालांत पुण्याचा सगळा खटला अडकलेला आहे. कायद्याचं कलम ३४ असं सांगतं की नोंदणीकृत नावाच्या मालकाला, त्याच्या वापराच्या आणि त्याच्या नोंदणीच्याही आधीपासून तेच नाव सतत वापरत आलेल्या माणसाच्या आड येता येत नाही. १९७९ ची नोंदणी धरली तर इराणी मागे पडतात. २००६ ची धरली तर चौदा वर्षांनी पुढे. बर्गर हा माल आणि बर्गर खायला घालणं ही सेवा, या दोहोंत कायद्याने भिंत घातली आहे. ती भिंत किती जाड मानायची यावर दोन्ही बाजूंचे वकील तासन्‌तास बोलू शकतात.

आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. २०१५ चा तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा'चा निकाल यातला सगळ्यात चवदार. मिणमिणत्या उजेडात चालणाऱ्या एका जुन्या दुकानाचा हलवा इतका प्रसिद्ध की लोक त्याला अंधारं दुकान म्हणूनच ओळखायचे. त्या नावाला आणखी शब्द जोडून दुसऱ्याने आपलं दुकान काढलं, शिवाय नोंदणीही मिळवली. न्यायालयाने नोंदणीच्या कागदापेक्षा जुन्या दुकानाने कमावलेल्या नावाला जास्त मोल दिलं. त्याच वर्षी औषधांच्या खटल्यातही तेच झालं. निऑन लॅबोरेटरीज या कंपनीने 'रोफॉल' नावासाठी १९९२ मध्ये अर्ज केला, पण औषध बाजारात आणलं २००४ मध्ये. दरम्यान दुसरी कंपनी 'प्रोफॉल' विकत होती. अर्ज करून नाव बासनात बांधून ठेवणाऱ्यापेक्षा बाजारात प्रत्यक्ष माल आणणारा पुढे, असा निकाल लागला.

मग परदेशातल्या कीर्तीचं काय? अमेरिकेत, जपानमध्ये गाजलेलं नाव इथल्या माणसाने वापरलं तर? या प्रश्नावर आपल्या न्यायालयांनी वीस वर्षांत बरंच मोठं वळण घेतलं. १९९६ मध्ये व्हर्लपूलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय पूर्णपणे परदेशी कंपनीच्या बाजूने होतं. व्हर्लपूलने इथली नोंदणी १९७७ मध्ये नूतनीकरण न केल्यामुळे गमावली होती, १९८६ मध्ये एका भारतीय ट्रस्टने त्याच नावासाठी अर्ज केला. तरीही, परदेशी मासिकांतल्या जाहिराती इथे पोहोचतात, नाव इथल्या लोकांना माहीत आहे, तेवढं पुरे, असं ठरलं. पुढे २००३ मध्ये 'ओक्युफ्लॉक्स' या डोळ्यांच्या औषधाच्या खटल्यात जगात आधी कोण आलं ते पाहायचं, असं न्यायालयाने म्हटलं; पण लगोलग पुस्ती जोडली की भारतात यायचा इरादाच नसलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना इथल्या उद्योगाचा गळा आवळू देता येणार नाही.

त्या पुस्तीचं खरं झाड झालं डिसेंबर २०१७ मध्ये, टोयोटाच्या खटल्यात. टोयोटाची 'प्रियस' ही गाडी जपानमध्ये १९९७ मध्ये आली. दिल्लीकडची प्रियस ऑटो इंडस्ट्रीज २००१ पासून त्या नावाने गाड्यांचे सुटे भाग विकत होती. टोयोटाने दावा लावला २००९ मध्ये, आणि गाडी भारतात आणली त्यानंतर. जगभर कितीही नाव असो, २००१ मध्ये भारतातल्या गिऱ्हाइकाला ते माहीत होतं हे सिद्ध करा, असं न्यायालयाने विचारलं. टोयोटाला ते करता आलं नाही. निकाल सुट्या भागांच्या कंपनीच्या बाजूने गेला. माझ्या मते हे वळण योग्य होतं. जगाच्या एका कोपऱ्यात दुकान उघडलं म्हणून सगळ्या कोपऱ्यांतल्या पाट्यांवर हक्क सांगणं हे व्यापाराच्या कुठल्याच रीतीत बसत नाही. मात्र २००१ मध्ये 'भारतातल्या गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं' हे म्हणणं जितकं सोपं होतं, तितकं आज राहिलेलं नाही. आज सोलापूरच्या पोराला सोलच्या बेकरीचं नाव ठाऊक असतं. पुढच्या खटल्यांत हा मुद्दा मोठ्या कंपन्या वापरणारच.

वर्गवारीचा बचावही लहान माणसाच्या कामी येतो. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत: मसाले-बेकरी ३० व्या वर्गात, दूध-दुभतं २९ व्या, उपाहारगृह ४३ व्या. कर्नाटकातल्या दूध महासंघाचं 'नंदिनी' आणि बंगळुरूचं 'नंधिनी डीलक्स' हॉटेल यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की एका वर्गातल्या काही वस्तूंसाठी नाव नोंदवलं म्हणून सगळ्या वस्तूंवर मक्तेदारी मिळत नाही. महासंघाचं नाव १९८५ पासून, हॉटेलचं १९८९ पासून. दोघंही प्रामाणिकपणे वापरत आले होते. पण या भिंतीला एक मोठा दरवाजा आहे. नाव 'सुप्रसिद्ध' ठरलं की मालकाला सगळ्या वर्गांत हात घालता येतो. आणि २०१७ च्या नियमांपासून एक लाख रुपये शुल्क भरून आपलं नाव सुप्रसिद्धांच्या यादीत घ्या म्हणून अर्जही करता येतो. लाखभर रुपये मोठ्या कंपनीला किस झाड की पत्ती.

आडनावाचा मामला आपल्याकडे खास नाजूक. मराठी माणूस दुकान काढतो तेव्हा पाटीवर हमखास आडनाव येतं, आणि आडनावं काही एका घराची नसतात. कलम ३५ प्रमाणे स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला अडवता येत नाही. पण 'प्रामाणिकपणे' या शब्दावर बरेच जण घसरले आहेत. किर्लोस्कर समूहाने १९९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात मनाई मिळवली ती 'किर्लोस्कर' नाव लावून निघालेल्या दुसऱ्या कंपन्यांविरुद्ध. महिंद्र अँड महिंद्रने 'महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स'ला रोखलं आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. दोन महेंद्रांच्या मध्ये 'अँड' कशासाठी, याचं उत्तर कुणालाही पटण्यासारखं देता येत नव्हतं, असं मला तरी वाटतं. आपलं नाव घरगुती धंद्याला लावणं आणि त्याच नावाने कंपनी काढून भांडवल बाजारात उतरणं, यांत न्यायालयं फरक करतात, आणि तो करायलाच हवा.

एवढी सगळी ढाल हाताशी असताना लहान दुकानदार पाटी का उतरवतो? कारण बहुतेक तंटे न्यायाधीशापर्यंत पोहोचतच नाहीत. ते नोटिशीतच संपतात.

नोटीस कशी असते ते एकदा नीट वाचून पाहावं. मुंबई किंवा दिल्लीच्या फर्मचं जाड कागदाचं लेटरहेड, बाजूला भागीदारांच्या नावांची रांग. पहिली दोन पानं आमचं अशील किती जुनं, किती देशांत, किती कोटींची उलाढाल, यात जातात. मग सोबत जोडलेल्या नोंदण्यांचं कोष्टक. मग एक वाक्य: आमच्या अशिलाला नुकतंच समजलं की तुम्ही. त्यानंतर मागण्या: सात किंवा पंधरा दिवसांत नाव बंद करा, पाट्या, पिशव्या, मेनूकार्डं, खोकी नष्ट करून तसं लिहून द्या, पुन्हा असं नाव वापरणार नाही अशी हमी द्या, आजवरच्या विक्रीचा हिशेब द्या, भरपाई द्या, नोटिशीचा खर्च द्या. शेवटी दिवाणी आणि फौजदारी कारवाईचा इशारा. 'फौजदारी' हा शब्द वाचला की घरातली म्हातारी माणसं जेवत नाहीत. खोट्या ट्रेडमार्कसाठी कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे हे खरं. पण ती बनावट मालाच्या धंद्यासाठी. प्रामाणिकपणे लावलेल्या जुन्या पाटीसाठी तिची भीती घालणं हा नोटीस लिहिण्याचा ठरलेला साचा आहे.

यावर दुकानदार दोन चुका हमखास करतो. एक तर उत्तरच देत नाही, 'बघू काय करतात ते' म्हणून. नाहीतर घाबरून स्वतःच्या हाताने लिहून देतो की आम्हाला माहीत नव्हतं, चूक झाली, थोडी मुदत द्या. हा कागद पुढे दाव्यात पहिल्या पानाला जोडला जातो. तिसरा एक रस्ता आहे तो फारसा कुणी सांगत नाही. कलम १४२ प्रमाणे अशा निराधार धमक्यांविरुद्ध दुकानदार स्वतः न्यायालयात जाऊ शकतो; धमक्या अन्याय्य ठरवून घेऊ शकतो, नुकसान मागू शकतो. कंपनीने तातडीने खरा दावा लावला तर हा मार्ग बंद होतो, एवढं मात्र ध्यानात ठेवायचं. तरी त्याचा उपयोग आहे. नुसती नोटीस पाठवून पाटी उतरेल असं समजणाऱ्यांना त्यामुळे ठरवावं लागतं की खरंच लढायचं आहे का.

खरा दावा लागला की कहाणी वेगळी. व्यापारी वाद चालवणाऱ्या न्यायालयांत खटल्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, पण तातडीच्या मनाईची मागणी असेल तर ती टाळता येते. आणि ट्रेडमार्कच्या दाव्यात तातडी मागितली नाही असं क्वचितच होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की ही तातडी खरी आहे की मध्यस्थी चुकवण्याची पळवाट, ते न्यायालयाने तपासावं. मग एकतर्फी हुकुमाची शक्यता येते. मुंबई उच्च न्यायालयात अशा वेळी कोर्ट रिसीव्हर नेमण्याची जुनी पद्धत आहे. सकाळी शटर वर जातं न जातं तोच रिसीव्हरची माणसं हुकुमाची प्रत घेऊन दारात उभी असतात. खोकी मोजली जातात, यादी होते, सील लागतं, पंचनाम्यावर मालकाची सही घेतली जाते. गल्लीला दिसतं ते एवढंच की दुकानावर कोर्टाची माणसं आली. पुढे कैफियतीत कितीही चांगला बचाव मांडला, तरी त्या सकाळी गावाने निकाल लावलेला असतो.

शिवाय दावा कुठे लागणार? कलम १३४ मुळे ट्रेडमार्कचा मालक आपल्या धंद्याच्या ठिकाणी दावा लावू शकतो. नांदेडच्या फरसाणवाल्याला दिल्लीच्या तारखा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला थोडा लगाम घातला: जिथे तंटा घडला तिथे कंपनीचं कार्यालय किंवा शाखा असेल तर तिने तिथेच दावा लावावा, प्रतिवादीला दूर खेचू नये. पण नांदेडला शाखाच नसेल तर हा लगाम उपयोगाचा नाही.

आता दुसरी बाजू. सगळ्याच लहान पाट्या निष्पाप नसतात. दिल्लीत 'सरदारबक्श' नावाची कॉफीची दुकानं निघाली, गोल चिन्हात पगडीवाल्याचा चेहरा. स्टारबक्स न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये नाव बदलून 'सरदारजी-बख्श' करावं लागलं. विनोद चांगला होता, पण तो कुणाच्या जिवावर चालला होता हे उघड होतं. बिस्किटाच्या पुड्याची नक्कल तर जुनीच. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या खटल्यात सांगितलं की दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधत बसायचं नसतं. गिऱ्हाईक एकच पुडा आठवणीतल्या पुड्याशी ताडून पाहतं. शाळेच्या पोराला किंवा घाईतल्या बाईला दोन्ही सारखे वाटले तर झालं. मोठ्या कंपनीला पाळत ठेवावीच लागते, हेही खरं. नाव सगळ्यांनी वापरलं की ते कुणाचंच राहत नाही. अमेरिकेत ॲस्पिरिन आणि एस्केलेटर ही एकेकाळी कंपन्यांची नावं होती. अतिरेक होतो तो पाळत ठेवणाऱ्याला प्रत्येक सावलीत चोर दिसू लागला की. सबवेने दिल्लीतल्या 'सबर्ब' या सँडविचवाल्याला कोर्टात ओढलं तेव्हा २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने 'सब' या अक्षरांवर कुणाचीच मालकी नाही असं सुनावलं. त्या लांब सँडविचला जगभर सबच म्हणतात.

पुण्याच्या दुकानाला मी सरदारबक्शच्या रांगेत बसवणार नाही. १९९२ मध्ये हे नाव कसं सुचलं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण बर्गर आणि किंग हे दोन शब्द एकत्र येण्यासाठी कुणाची नक्कल करावी लागते असंही नाही. अमेरिकेतच इलिनॉय राज्यात मॅटून नावाच्या गावी एका नवरा-बायकोचं आइस्क्रीमचं दुकान होतं, त्याच्या नावात 'क्वीन' होतं. १९५० च्या दशकात त्यांनी बर्गर विकायला सुरुवात केली आणि राणीच्या जोडीला राजा म्हणून नाव ठेवलं बर्गर किंग. १९५९ मध्ये राज्यापुरती नोंदणीही केली. फ्लोरिडाच्या कंपनीला देशव्यापी नोंदणी मिळाली १९६१ मध्ये. १९६८ मध्ये अपील न्यायालयाने तोड काढली: देशभर नाव कंपनीचं, पण मॅटूनच्या वीस मैलांच्या परिघात ते या दांपत्याचं. ऑस्ट्रेलियात तर याच कंपनीला माघार घ्यावी लागली. तिथे ॲडलेडच्या एका दुकानाकडे हे नाव आधीच होतं, म्हणून १९७१ पासून तिथली साखळी 'हंग्री जॅक्स' नावाने चालते. इतकी वर्षं झाली, कंपनीचं काही बिघडलं नाही.

मॅटूनचा तोडगा आपल्याला परका नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या खटल्यात लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती मुभा दिली होती. नावं फसवण्याइतकी सारखी आहेत हे मान्य करून, पण इतकी वर्षं चाललेला धंदा एका फटक्यात बुडवायचा नाही म्हणून. प्रामाणिक समांतर वापराला अटी घालून नोंदणी देण्याची सोय कलम १२ मध्ये आजही आहे. पुण्यासारख्या खटल्यांत तिचा विचार अधिक सढळपणे व्हायला हवा. कॅम्प आणि कोरेगाव पार्कातलं एक नाव इराणींचं राहिलं तर मॉलमधल्या गिऱ्हाइकाचा असा काय गोंधळ उडणार आहे? पाटीखाली एक ओळ घाला: आमचा अमेरिकन कंपनीशी संबंध नाही. पुणेकर तेवढी ओळ वाचतात. किंबहुना अशी पाटी लिहिण्यात त्यांचा हात कोण धरेल?

जगात इतरत्रही लहानांनी बाजी मारली आहे, आणि प्रत्येक वेळी वेळेचा हिशेब तसाच. मलेशियात क्वालालंपूरच्या 'मॅकरी' या उपाहारगृहावर मॅकडोनाल्ड्सने २००१ मध्ये दावा लावला. खालच्या न्यायालयात कंपनी जिंकली, वर हरली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च पातळीवर मॅकरीचं नाव शाबूत राहिलं. तिथे मिळतं ते माशाच्या डोक्याची करी, रोटी-पराठा, बर्गर नव्हेच. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉफीवाल्याने गडद भाजलेल्या कॉफीला 'चारबक्स' म्हटलं, त्यावर स्टारबक्सने २००१ मध्ये सुरू केलेलं भांडण २०१३ मध्ये त्याच्या बाजूने संपलं. आयर्लंडची 'सुपरमॅक्स' ही साखळी आता अगदी छोटी नाही, पण मॅकडोनाल्ड्सपुढे छोटीच. तिने बचाव करण्याऐवजी उलट मारा केला: तुम्ही 'बिग मॅक' हे नाव ज्या ज्या वस्तूंसाठी नोंदवलं आहे त्यांसाठी ते वापरल्याचं दाखवा. जून २०२४ मध्ये युरोपियन न्यायालयाने ठरवलं की कोंबडीच्या सँडविचसाठी असा वापर सिद्ध झालेला नाही, आणि त्यासाठीची नोंदणी रद्द केली.

हा उलट मारा भारतातही करता येतो. कलम ४७ प्रमाणे पाच वर्षं न वापरलेली नोंदणी काढून टाका म्हणून अर्ज देता येतो. आणखी एक हत्यार ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पडून आहे. मोठ्या कंपनीने आपलं नाव नोंदवताना कार्यालयाने तिला मिळतीजुळती जुनी नावं दाखवलेली असतात. तेव्हा कंपनीने लेखी उत्तर दिलेलं असतं की छे, ही नावं वेगळी आहेत, गोंधळ होणार नाही. तीच कंपनी आता तुम्हाला गोंधळ होतो म्हणते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केईआय इंडस्ट्रीजच्या खटल्यात असं दुटप्पी बोलून मनाई मिळवता येत नाही हे स्पष्ट केलं. त्या फायली वाचायला वकीलही लागत नाही, चिकाटी लागते.

बाकी सगळं कागदावर अवलंबून. आधी वापर माझा, हे म्हणणं सोपं. १९९२ पासून दरवर्षी वापर होता हे दाखवणं कठीण. शॉप ॲक्टचा दाखला किंवा गुमास्ता असतो, पण पुष्कळदा तो मालकाच्या नावावर. पाटीवरचं नाव त्यात कुठेच नसतं. वीजबिलावर तर कधीच नसतं. कर खात्याला सहा-सात वर्षांच्या वह्या पुरतात, म्हणून सीए सांगतो की जुनं रद्दीत घाला, आणि नेमकी तीच बिलं ट्रेडमार्कच्या खटल्यात सोन्याच्या भावाची असतात. जुनं मेनूकार्ड असतं, त्यावर तारीख नसते. स्थानिक वर्तमानपत्रातली उद्घाटनाची चार ओळींची बातमी, गणेश मंडळाच्या स्मरणिकेतली पावपान जाहिरात, छापखान्याचं बिल: खटले अशा चिटोऱ्यांवर उभे राहतात.

नोंदणीचा अर्ज भरतानाही एक गफलत सर्रास होते. नाव केव्हापासून वापरात आहे या रकान्यात एजंट घाईने 'पुढे वापरणार' असं टाकून देतो, कारण मग वापराचं प्रतिज्ञापत्र जोडायची कटकट नसते. वीस वर्षांच्या जुन्या दुकानाने आपल्याच सहीने आपण नवे असल्याचं कबूल केलेलं असतं. नोंदणी असण्याचा एक फायदा मात्र फार मोठा: कंपनीने माहीत असून पाच वर्षं तुमचा वापर चालू दिला तर कलम ३३ प्रमाणे तिला मग तक्रार करता येत नाही, पण हे संरक्षण नोंदणीकृत नावालाच आहे. नोंदणी नसेल तर नुसती दिरंगाई पुरेशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा म्हटलं आहे.

कायदा बदलण्याची फारशी गरज मला दिसत नाही. बदलायचं ते तात्पुरत्या मनाईचं गणित. दहा-वीस वर्षं चालू असलेल्या धंद्याला मनाई करायची तर खटला ठराविक मुदतीत संपवण्याचं बंधन तिला जोडलं पाहिजे, आणि शेवटी दावा फेटाळला गेला तर मनाईच्या काळात झालेलं नुकसान भरून देण्याची हमी कंपनीकडून आधीच घेतली पाहिजे. अशी हमी घेण्याचा अधिकार न्यायालयांना आजही आहे. इराणींविरुद्धच्या दाव्यात बारा वर्षांचा हिशेब कोण देणार, या प्रश्नाला पुण्याच्या निकालातही उत्तर नव्हतं.

तोवर दुकानदारांनी करायचं ते एवढंच. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर एका वर्गासाठी ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज ४,५०० रुपयांत होतो आणि नोंदणी दहा वर्षं चालते. अर्जात वापराचं खरं साल घाला. जीएसटीच्या दाखल्यात 'ट्रेड नेम'चा रकाना मोकळा सोडला असेल तर आजच भरून घ्या. जुनी बिलं रद्दीत देऊ नका. आणि जाड कागदाची नोटीस आलीच, तर वकिलाला दाखवल्याशिवाय तिच्या उत्तरात माफीचा एक शब्दही लिहू नका.